शनिवारचा घाणा

कोकणातील अलिबाग, रेवदंडा या परिसरात मराठी बोलणारा बेने इस्राएल ज्यू समाज पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळण्याचा व्यवसाय करीत असे. शनिवार हा त्यांच्या धर्मानुसार विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी त्यांचे घाणे बंद राहत. म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत.

स्वतःचा घाणा बंद ठेवता येतो. नोकरीत मात्र सुट्टीचा वार मालक ठरवतो. येथे दोन प्रश्न उद्भवतात. केवळ धर्मामुळे नोकरी नाकारणे हा भेदभाव होय. सरकारी नोकरीत राज्यघटनेच्या कलम १६ नुसार त्यास मनाई आहे. धर्माचरणासाठी सवलत मागणे ही वेगळी बाब आहे. कलम २५ धर्मस्वातंत्र्य देते, परंतु प्रत्येक सवलत हक्क ठरत नाही. हवाई दलातील एका मुस्लिम कर्मचाऱ्याची दाढी राखण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली शिस्त व एकरूपतेच्या कारणास्तव अमान्य केली.

मात्र जेथे कामात बाधा येत नाही, तेथे सामंजस्याने मार्ग निघतो. शनिवारच्या पाळीऐवजी रविवारी काम केल्यास कामही अडत नाही आणि श्रद्धाही दुखावत नाही.

पाठगत प्रश्न : भेदभाव आणि सवलत यांतील फरक उदाहरणासह स्पष्ट करा.