राउटर आणि त्याचा नवा मदतनीस

(घरातील वायफायची सेटिंग्ज पूर्वी स्वतः बदलावी लागत. आता हे काम एआय एजंटला सांगता येते. ते सांगताना कोणती खबरदारी घ्यावी, हे या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, लुकलुकणारे दिवे असलेली एक छोटी पेटी तुम्ही घरात, दुकानात किंवा शाळेत पाहिली असेल. तिला राउटर म्हणतात. बाहेरून आलेले इंटरनेट ही पेटी रेडिओ लहरींच्या साहाय्याने घरभर पोहोचवते. तारेशिवाय चालणाऱ्या या व्यवस्थेला आपण वायफाय म्हणतो. तिचे पहिले तांत्रिक मानक १९९७ साली ठरले.

राउटरची काही सेटिंग्ज असतात. नेटवर्कचे नाव, पासवर्ड, सुरक्षेचा प्रकार आणि चॅनेल ही त्यांपैकी महत्त्वाची होत. चॅनेल म्हणजे लहरींची वाट. एकाच गल्लीतून सगळेच निघाले, तर गर्दी होते. तसेच शेजारपाजारचे राउटर एकाच चॅनेलवर असले, तर सर्वांचे वायफाय मंदावते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १, ६ आणि ११ हे चॅनेल एकमेकांत मिसळत नाहीत. म्हणून त्यांतील कमी गर्दीचा चॅनेल निवडणे चांगले.

ही निवड एआय एजंट कशी करतो? एजंट म्हणजे आपली भाषा समजून काम करणारा संगणकातील मदतनीस. तो राउटरला स्वतः हात लावत नाही. त्याला काही साधने दिलेली असतात. एक साधन सेटिंग्ज वाचते, दुसरे आसपासची नेटवर्क शोधते, तिसरे चॅनेल बदलते. आपले म्हणणे ऐकून एजंट योग्य साधन निवडतो. ते साधन राउटरला हुकूम देते आणि राउटरचे उत्तर एजंटकडे आणते. अशी साधने एजंटला जोडण्याची एक सामाईक पद्धत नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झाली. तिचे नाव मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल.

समजा, तुमच्या आपांचा ऑनलाइन तास सारखा अडखळतो आहे. तुम्ही एजंटला म्हणता, “वायफाय मंद का आहे ते पाहा, पण काही बदलू नकोस.” एजंट तपास करून सांगतो, “आपला राउटर चॅनेल ६ वर आहे. तेथे आणखी पाच नेटवर्क आहेत. चॅनेल ११ वर एकच आहे. बदल करू का? वायफाय थोडा वेळ बंद पडेल.” आता विचार तुम्ही करायचा. आपांचा तास चालू असेल, तर “तास संपल्यावर कर,” असे सांगायचे.

येथे एक धोका लक्षात ठेवा. एजंट ज्या संगणकावर चालतो, तो बहुधा त्याच वायफायला जोडलेला असतो. एजंटने नेटवर्कचा पासवर्ड बदलला, की तो संगणकही तुटतो आणि घरातील सर्वांचे फोनही तुटतात. मग चूक सुधारणार कोण? बसलेली फांदीच तोडण्यासारखे हे आहे. अशा वेळी राउटरला तारेने संगणक जोडून दुरुस्ती करावी लागते. ओपनडब्ल्यूआरटी या मुक्त प्रणालीच्या पानावर यासाठी चांगली सोय आहे. बदलानंतर ठरलेल्या वेळात राउटरशी पुन्हा संपर्क झाला नाही, तर जुनी सेटिंग्ज आपोआप परत येतात.

म्हणून या गोष्टी पाळा. आधी फक्त पाहण्याची परवानगी द्या. बदलण्याची परवानगी विचार करून द्या. बदलापूर्वी जुन्या सेटिंग्जची नक्कल ठेवा. एका वेळी एकच बदल करा, म्हणजे बिघाड कशामुळे झाला ते कळते. आणि राउटर ज्यांचा आहे, त्या वडीलधाऱ्यांना विचारल्याशिवाय काहीही करू नका. वायफाय एकट्याचे नसते. त्यावर कोणाचा अभ्यास, तर कोणाचा व्यवसाय चालतो.

मदतनीस कितीही हुशार असला, तरी घरात कोणाला काय हवे आहे, हे सांगितल्याशिवाय त्याला कळत नाही. काम तो करील. जबाबदारी मात्र हुकूम देणाऱ्याची असते.

शब्दार्थ
लुकलुकणे – क्षणात पेटणे, क्षणात विझणे
मानक – सर्वांनी मान्य केलेला नियम
सामाईक – सर्वांची मिळून असलेली
फांदी – झाडाची डहाळी

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) राउटर कोणते काम करतो?
(आ) वायफायचे पहिले मानक कोणत्या साली ठरले?
२. कारणे द्या.
(अ) एका वेळी एकच बदल करावा.
(आ) पासवर्ड बदलताना विशेष खबरदारी घ्यावी.
३. खबरदारी, हुकूम, नक्कल हे शब्द उर्दूतही आहेत. प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.