हिरवं दिसलं म्हणून बकऱ्या मोकळ्या सोडू नका

मृगाचा पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यातले धुरे, पडीत जमिनी आणि नाल्यांचे काठ बघता बघता हिरवे होतात. उन्हाळाभर तुरीचं कुटार आणि बोरी-बाभळीच्या पाल्यावर काढलेल्या बकऱ्या त्या कोवळ्या गवतावर तुटून पडतात. मालकालाही बरं वाटतं, कुटार वाचलं म्हणून. मग दोन-तीन दिवसांत लेंड्या मोडून शेण पातळ होतं, शेपटीखालची केसं माखतात, एखादी बकरी पोट फुगवून बसते.

यात गवताचा दोष थोडा आणि घाईचा जास्त. बकरीच्या मोठ्या पोटात चारा पचवण्याचं काम जिवाणू करतात. कोरड्या कुटारावर पोसलेले जिवाणू निराळे, पाणीदार कोवळ्या गवतावर वाढणारे निराळे. हा पालट व्हायला दोन ते तीन आठवडे लागतात. तेवढे दिवस सकाळी आधी कुटार किंवा कडबा खाऊ घाला, दव उतरू द्या आणि मगच बकऱ्या बाहेर काढा. पहिल्या आठवड्यात नव्या गवतावर तास-दीड तास पुरे, पुढे वेळ वाढवत न्या. उपाशी कळप हिरव्यावर कधीच सोडू नये. झाडपाला मिळाला तर फारच चांगलं, कारण बकरी मुळात खाली मान घालून चरणारी नाही, ती झुडपं ओरबाडणारी आहे. साचलेल्या पाण्याकाठचं गवत मात्र टाळा, तिथे जंत लागतात.

सगळ्यात घातक प्रकार म्हणजे आंत्रविषार. त्याचे जंतू निरोगी बकरीच्या आतड्यातही थोडेफार असतात. एकदम पौष्टिक चारा किंवा दाणा पोटात गेला की ते झपाट्याने वाढतात आणि विष सोडतात. रोडक्या जनावरापेक्षा खाऊन-पिऊन धष्टपुष्ट असलेलं पिल्लू आधी जातं. संध्याकाळी उड्या मारणारं पाठरू सकाळी मेलेलं सापडतं, आणि घरात चर्चा होते ती साप चावल्याची नाहीतर नजर लागल्याची. एकदा लक्षणं दिसली की औषधाला क्वचितच यश येतं. खरा उपाय लस, तीही पावसाळ्याआधी. पहिल्यांदा टोचत असाल तर दोन ते तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा लागते, पुढे दरवर्षी एक.

बकरी तरतरीत आहे, रवंथ करते आहे आणि फक्त पातळ हगते आहे, तर एक दिवस हिरवं बंद करून कुटार आणि स्वच्छ पाणी द्या. लिटरभर पाण्यात अर्धा चमचा मीठ आणि सहा चमचे साखर घालून थोडं थोडं पाजलं तरी चालतं. माणसाच्या जुलाबाच्या गोळ्या देऊ नका. हगवण थांबते, पण घाण आणि विष आतच राहतं. डावी भकाळी ढोलासारखी फुगली असेल तर मोठ्या बकरीला 50 ते 100 मिली गोडेतेल तोंडाच्या कडेने सावकाश पाजा, मान वर ओढून धरू नका, तेल फुप्फुसात जातं. पाजून झालं की तिला फिरवा आणि लगेच डॉक्टरांना बोलवा. शेणात रक्त, ताप, तोंडात फोड किंवा नाकातून स्राव असेल, तर हा नुसता चाऱ्याचा त्रास समजू नका. फोड आणि तापामागे पीपीआर हा साथीचा रोग असू शकतो. एक ते चार महिन्यांच्या पिल्लांना रक्ती हगवण लागली तर कॉक्सिडिया या आतड्यातल्या परजीवीसाठी शेण तपासून घ्यावं.

पेरणीनंतर तणनाशक मारलेल्या धुऱ्यावर आणि फवारलेल्या पऱ्हाटीच्या आसपास बकऱ्या नेऊ नका. फवारणीचं विष काय करतं हे यवतमाळ जिल्ह्याने 2017 मध्ये फवारणी करणाऱ्या माणसांच्या विषबाधेत पाहिलं आहे. युरियाची रिकामी पोतीसुद्धा उचलून ठेवा, बकऱ्या ती चाटतात. दिवाळीच्या सुमाराला सोयाबीन निघाल्यावर वावरात सांडलेला दाणा हाही एकदम पोटात गेलेल्या पौष्टिक चाऱ्यासारखाच धोका. तिथे कळप सोडण्याआधी दाणे झाडून घ्या, आणि त्या दिवशीही पोटात आधी कुटार असू द्या.

आंत्रविषाराची लस यंदा राहून गेली असेल तर पुढच्या वर्षावर ढकलू नका. कळप आहे त्या चाऱ्यावरच ठेवून जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात याच आठवड्यात विचारा. दवाखाना लांब असेल तर 1962 या टोल फ्री क्रमांकावर फोन करा.