घटक ४ : मिश्र आणि मिश्र-संयुक्त वाक्य – इंग्रजी व मराठी रचनेचा विचार

४.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला –
• प्रधान वाक्य व गौण वाक्य यांतील भेद सांगता येईल.
• गौण वाक्याचे तीन प्रकार ओळखता येतील.
• मिश्र-संयुक्त वाक्याचे पृथक्करण करता येईल.
• अशा इंग्रजी वाक्यांचा मराठी अनुवाद करताना घ्यावयाची दक्षता स्पष्ट करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण केवल वाक्य व संयुक्त वाक्य यांचा परिचय करून घेतला. प्रस्तुत घटकात त्यापुढील दोन प्रकारांचा विचार करावयाचा आहे. दादोबा पांडुरंग यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून मराठी व्याकरणलेखनावर इंग्रजी व्याकरणाच्या मांडणीचा प्रभाव राहिला आहे. त्यामुळे दोन्ही भाषांतील वाक्यरचना शेजारी ठेवून पाहणे मराठीच्या अभ्यासकालाही उपयुक्त ठरते.

या अभ्यासाचा उपयोग परीक्षेपुरता नाही. कर्जाचा करारनामा, नोकरीचे नियुक्तिपत्र, विम्याच्या अटी यांतील इंग्रजी वाक्ये बहुधा याच प्रकारची असतात. त्यांतील कोणते विधान मुख्य व कोणते अट म्हणून आले आहे, हे न कळल्यास सही करणारा मनुष्य आपला हक्क कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, हे जाणू शकत नाही.

४.३ प्रधान वाक्य व गौण वाक्य

ज्या वाक्यात एक प्रधान वाक्य आणि त्यावर अवलंबून असणारे एक वा अधिक गौण वाक्य असते, त्यास मिश्र वाक्य म्हणतात. इंग्रजीत यास ‘कॉम्प्लेक्स सेन्टेन्स’ अशी संज्ञा आहे. गौण वाक्यालाही स्वतःचे उद्देश्य व क्रियापद असते. तथापि ते एकटे उभे राहू शकत नाही. ‘व्हेन द ट्रेन स्टॉप्ड’ (गाडी थांबली तेव्हा) एवढेच म्हटले, तर ऐकणारा पुढील शब्दांची वाट पाहत राहतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘गौण’ ही संज्ञा रचनेपुरती आहे. आशयाचे महत्त्व तिने ठरत नाही. ‘डॉक्टर म्हणाले, की रुग्णाचा धोका टळला’ या वाक्यात ‘डॉक्टर म्हणाले’ हे प्रधान वाक्य आहे. पण नातेवाइकांच्या दृष्टीने सर्व महत्त्व गौण वाक्यालाच आहे.

४.४ गौण वाक्याचे प्रकार

(अ) नामवाक्य : जे गौण वाक्य नामाचे कार्य करते ते. उदा., ‘आय नो दॅट शी इज ऑनेस्ट.’ (ती प्रामाणिक आहे, हे मला ठाऊक आहे.) ‘काय ठाऊक आहे?’ या प्रश्नाचे उत्तर म्हणजे नामवाक्य.

(आ) विशेषणवाक्य : जे एखाद्या नामाविषयी अधिक माहिती देते ते. उदा., ‘द लेटर दॅट केम यस्टरडे इज ऑन द टेबल.’ (जे पत्र काल आले, ते टेबलावर आहे.) ‘कोणते पत्र?’ या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते.

(इ) क्रियाविशेषणवाक्य : जे क्रियेचा काळ, स्थळ, कारण, हेतू, अट इत्यादी सांगते ते. उदा., ‘व्हेन द ट्रेन स्टॉप्ड, वी गॉट डाउन.’ (जेव्हा गाडी थांबली, तेव्हा आम्ही उतरलो.)

वरील पहिल्या दोन्ही उदाहरणांत ‘दॅट’ हाच शब्द आला आहे. परंतु गौण वाक्यांचे कार्य भिन्न आहे. म्हणून जोडणारा शब्द पाहून प्रकार ठरवू नये. कार्य पाहून ठरवावा. मराठीतही हाच नियम लागू होतो. ‘पाऊस पडला म्हणून शेत भिजले’ येथे ‘म्हणून’ परिणामबोधक असल्याने वाक्य संयुक्त आहे. ‘चांगले शिक्षण मिळावे म्हणून तो शहरात राहिला’ येथे तोच शब्द उद्देशदर्शक असल्याने वाक्य मिश्र आहे.

४.५ मिश्र-संयुक्त वाक्य

ज्या वाक्यात किमान दोन प्रधान वाक्ये आणि किमान एक गौण वाक्य असते, ते मिश्र-संयुक्त वाक्य होय. इंग्रजी व्याकरणात हा चौथा, स्वतंत्र प्रकार मानतात. मराठीच्या शालेय व्याकरणात केवल, मिश्र व संयुक्त असे तीनच प्रकार सांगण्याची प्रथा असून अशा वाक्याचा समावेश सामान्यतः संयुक्त वाक्यात केला जातो.

करारनाम्यात शोभेल असे पुढील वाक्य पाहा :

‘इफ द बॉरोअर डझ नॉट रिपे द लोन, द बँक मे सेल द प्रॉपर्टी, बट इट शॅल गिव्ह अ नोटीस बिफोर इट डझ सो.’

पृथक्करणाच्या पायऱ्या अशा :
१. पूर्ण क्रियापदे शोधावीत. येथे ती चार आहेत : ‘डझ नॉट रिपे’, ‘मे सेल’, ‘शॅल गिव्ह’ आणि ‘डझ’. म्हणजेच वाक्ये चार.
२. जोडणारे शब्द पाहावेत : ‘इफ’, ‘बट’, ‘बिफोर’. पैकी ‘इफ’ व ‘बिफोर’ गौणत्व दाखवतात; ‘बट’ समान दर्जाची वाक्ये जोडतो.
३. गौण वाक्ये बाजूला ठेवावीत. उरतात दोन प्रधान वाक्ये : बँक मालमत्ता विकू शकेल, बँकेने नोटीस दिली पाहिजे.
४. गौण वाक्यांचे कार्य सांगावे. पहिले अट सांगते, दुसरे काळाचा क्रम सांगते. दोन्ही क्रियाविशेषणवाक्ये आहेत.

आता अर्थाकडे वळू. ‘मे’ या शब्दाने बँकेला मुभा मिळते. ‘शॅल’ या शब्दाने तिच्यावर बंधन येते. जो वाचक ‘बट’पाशी थांबतो, त्याला केवळ बँकेचा अधिकार दिसतो. जो शेवटचे गौण वाक्य वगळतो, त्याला नोटीस मिळणार एवढे कळते. पण ती विक्रीपूर्वीच मिळाली पाहिजे, हे कळत नाही. कर्जदाराचे संरक्षण त्या शेवटच्या चार शब्दांत आहे.

४.६ अनुवाद करताना घ्यावयाची दक्षता

(१) जोडशब्दांची संख्या : मराठीत ‘जर–तर’, ‘जरी–तरी’ अशा जोड्या येतात. इंग्रजीत बहुधा एकच शब्द पुरतो. ‘जरी–तरी’च्या सवयीने विद्यार्थी ‘दो ही वॉज इल, बट ही केम’ असे लिहितात. येथे ‘दो’ किंवा ‘बट’ यांपैकी एकच ठेवावा.

(२) ‘अनलेस’मधील नकार : या शब्दातच नकार अंतर्भूत आहे. ‘अनलेस यू पे’ म्हणजे ‘तुम्ही पैसे भरले नाहीत तर’. त्यास पुन्हा ‘नॉट’ जोडल्यास अट उलटी होते.

(३) विशेषणवाक्याचे स्थान : इंग्रजीत ते नामानंतर येते. मराठीत ‘जो–तो’ रचनेत ते सामान्यतः आधी येते किंवा धातुसाधित विशेषणात सामावते. ‘काल आलेले पत्र टेबलावर आहे’ हे सहज मराठी वाक्य होय. ‘ते पत्र, जे काल आले, टेबलावर आहे’ ही इंग्रजी वळणाची रचना शक्यतो टाळावी.

(४) काळ : ‘ही सेड दॅट ही वॉज इल’ याचा अनुवाद ‘आपण आजारी आहोत असे तो म्हणाला’ असा होतो. इंग्रजीत गौण वाक्यातील क्रियापद भूतकाळी जाते. मराठीत मूळ बोलण्याचा काळ कायम राहतो.

अनुवादात वाक्याचा प्रकार किंवा वाक्यांची संख्या कायम राहीलच असे नाही. ४.५ मधील वाक्य मराठीत असे होईल : ‘जर कर्जदाराने कर्ज फेडले नाही, तर बँक मालमत्ता विकू शकेल, परंतु विक्री करण्यापूर्वी तिने नोटीस दिली पाहिजे.’ इंग्रजीतील चौथे वाक्य येथे ‘विक्री करण्यापूर्वी’ या शब्दसमूहात सामावले आहे. अर्थातील अट, मुभा, बंधन व क्रम मात्र अबाधित आहेत. उत्तम अनुवादाकडून हीच अपेक्षा असते.

४.७ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

पुढील वाक्यांचे प्रकार सांगा.
१. ‘द बेल रँग अँड द चिल्ड्रन रॅन आउट.’
२. ‘द फार्मर हू लिव्ह्ज निअर द रिव्हर ग्रोज शुगरकेन.’
३. ‘दो ही वॉज टायर्ड, ही फिनिश्ड द वर्क, अँड देन ही वेंट होम.’

४.८ सारांश

गौण वाक्य रचनेच्या दृष्टीने परावलंबी असते. अर्थाच्या दृष्टीने ते निर्णायक असू शकते. एक प्रधान वाक्य व गौण वाक्य मिळून मिश्र वाक्य होते. दोन वा अधिक प्रधान वाक्यांसह गौण वाक्य आल्यास मिश्र-संयुक्त वाक्य होते. प्रकार ठरवताना शब्दाचे रूप न पाहता वाक्याचे कार्य पाहावे.

४.९ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१. संयुक्त वाक्य. २. मिश्र वाक्य (विशेषणवाक्यासह). ३. मिश्र-संयुक्त वाक्य.

४.१० स्वाध्याय

१. ‘गौण वाक्य अर्थाने गौण असतेच असे नाही.’ हे विधान स्वतःच्या उदाहरणांसह स्पष्ट करा.
२. आपल्या घरातील एखाद्या इंग्रजी करारनाम्यातील किंवा विमापत्रातील एक दीर्घ वाक्य निवडा. त्याचे वरील चार पायऱ्यांनी पृथक्करण करून मराठी अनुवाद लिहा.