चिकाची पापडी

उन्हाळ्यात वाळवणाच्या दिवसांत गव्हाच्या चिकाच्या पापड्या घालतात. भिजविलेला गहू वाटून गाळला, तळाशी बसलेला चीक पाण्यात शिजविला आणि पळीने कापडावर पातळ पसरला, की उन्हात त्याचा कागदासारखा पडदा होतो. परंतु कापणीच्या वेळी पावसात सापडून ओंबीतच मोड फुटलेला गहू असेल, तर चीक कितीही शिजविला तरी पातळच राहतो. पापड्या उचलताना मोडतात. घरभराचे श्रम फुकट जातात आणि बोल मात्र शिजविणारीला लागतो.

चीक म्हणजे मुख्यतः पिष्ट होय. पिष्टाचा कण ग्लुकोजच्या मण्यांच्या लांब माळांनी बनलेला असतो. काही माळा सरळ असतात; पुष्कळशा माळांना झाडासारख्या फांद्या असतात. वाळताना या माळा एकमेकींत गुंततात. सरळ माळा तर अगदी जवळ येऊन बिलगतात. पडद्याचे बळ ते हेच.

अंकुराच्या पोषणासाठी बीज पिष्ट फोडणारे द्रव्य निर्माण करते. अशा द्रव्यांना विकर म्हणतात. पेयां व पेर्सो या फ्रेंच रसायनज्ञांनी १८३३ साली मोड आलेल्या सातूतून असे द्रव्य वेगळे काढले. मनुष्याच्या लाळेतही त्याच जातीचा विकर असतो. कोमट दाट कांजीत थोडी लाळ मिसळल्यास ती काही वेळात पातळ होते. कच्च्या कणावर विकराचे फारसे चालत नाही. चीक तापून कण फुगू लागले, म्हणजे त्याला वाट मिळते व तो माळा मध्येच तोडीत सुटतो. उकळीने तो स्वतः नष्ट होतो खरा, पण तोवर माळांचे आखूड तुकडे झालेले असतात. ते नीट गुंतत नाहीत. म्हणून पडदा ठिसूळ होतो.

तरीही विकर म्हणजे नेहमी नासाडीच, असे नाही. जिवाणूंपासून मिळणारा पुलुलनेज नावाचा विकर माळ मध्येच न तोडता केवळ फांद्या छाटतो. सुट्या झालेल्या सरळ माळा दाटीने बिलगतात आणि पडदा अधिक चिवट होतो; पाण्यात तो सहज विरघळतही नाही. मात्र छाटणी बेताचीच हवी. फांद्यांचे तुकडेही फार लांब नसतात. त्यांचीच गर्दी झाली, तर पडदा पुन्हा कडक होऊन तडकतो. म्हणून खाद्य वेष्टने करणारे शास्त्रज्ञ घड्याळ समोर ठेवून काम करतात आणि ठरलेल्या क्षणी मिश्रण उकळून विकराचे कार्य थांबवितात.