इसुआचे खडक : जीवसृष्टीच्या आरंभाचा वाद

नैर्ऋत्य ग्रीनलंडमधील इसुआ पट्ट्यातील खडक सुमारे ३७० कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. बर्फ वितळल्याने उघड्या पडलेल्या तेथील खडकांत १ ते ४ सेंटिमीटर उंचीचे शंकूसदृश उंचवटे आढळले. ते स्ट्रोमॅटोलाइट होत, असे ॲलन नटमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रतिपादन केले. उथळ पाण्यात सूक्ष्मजीवांच्या थरांवर गाळ साचत जाऊन जी स्तरित रचना घडते, तिला स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. हा दावा ग्राह्य ठरल्यास अशा रचनांचा पुरावा सुमारे २२ कोटी वर्षांनी मागे जातो.

२०१८ मध्ये ॲबिगेल ऑलवूड व सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्येच त्यास आक्षेप घेतला. एकाच छेदात शंकू भासणारा उंचवटा तिन्ही मितींत पाहता लांबट वरंब्यासारखा दिसला. अतिदाब व उष्णतेने खडक दुमडल्यावर अशी घडण होते. त्यासाठी सूक्ष्मजीवांची आवश्यकता नसते. अपेक्षित अंतर्गत थरही त्यांना आढळले नाहीत. नटमन यांच्या गटाने २०१९ मध्ये आपल्या मताचे पुन्हा समर्थन केले.

विद्यार्थ्यांची गफलत होते ती येथे. वाद खडकाच्या वयाचा नसून आकृतीच्या उत्पत्तीचा आहे. ऑलवूड यांना सरसकट संशयवादी समजणेही चुकीचे ठरेल. पश्चिम ऑस्ट्रेलियातील स्ट्रेली पूल येथील सुमारे ३४३ कोटी वर्षांपूर्वीच्या स्ट्रोमॅटोलाइटचे सात प्रकार नोंदवून ते जैविक असल्याचे त्यांनीच २००६ मध्ये मांडले होते.