दोन्ही थर ठेव

चि. सई,

एम.एस्सी.ला ऑरगॅनिक मिळालं, छान झालं. अभिनंदनाचा फोन आईने केलाच असेल. आत्याकडून कामाचं तेवढं ऐक.

सेपरेटिंग फनेलमधला नको असलेला थर सिंकमध्ये ओतायची घाई सगळ्यांना असते. शुद्ध पदार्थ हातात येऊन त्याचं वजन वहीत उतरेपर्यंत दोन्ही थर लेबल लावून ठेवायचे. ईथर, इथाइल ॲसिटेट वर तरंगतात, डीसीएम आणि क्लोरोफॉर्म तळाला जातात, हे पाठ असतंच. तरी ऐनवेळी गोंधळ होतो. शंका आली तर वरून चार थेंब पाणी सोड. ते ज्या थरात मिसळून जाईल तो पाण्याचा. बायकार्बोनेटने धुताना वायू सुटतो, तेव्हा आधी बूच न लावता नुसतं ढवळ. मग फनेल उलटा करून कॉक उघडताना नळीचं तोंड शेजारच्या पोरीकडे नको.

टीएलसीची रेघ पेन्सिलीने. शाई सॉल्व्हंटबरोबर वर चढते. ठिपके तीन लाव: सुरुवातीचा पदार्थ, रिॲक्शनचं मिश्रण, आणि मधे दोन्ही एकावर एक. या मधल्या ठिपक्याचा पोरं कंटाळा करतात, पण दोन पदार्थ जवळजवळ सारखेच चढले असतील तर तोच सांगतो.

आता एनएमआर. कागद हातात आला की आपले सिग्नल शोधायला धावू नकोस, आधी उपरे खोडून टाक. सीडीसीएल-थ्रीचा 7.26, त्यातल्या पाण्याचा 1.56, ॲसिटोनचा 2.17. सगळ्यात लबाड इथाइल ॲसिटेट: 4.12 ला क्वार्टेट, 2.05 ला सिंगलेट, 1.26 ला ट्रिपलेट. कॉलम त्यातच चाललेला असतो, रोटावर ते पुरतं उडालेलं नसतं, आणि इथाइल एस्टर करायला निघालेला पोरगा ‘सर, झालं!’ म्हणत नाचत येतो. गॉटलिब, कोटल्यार आणि नुडेलमन यांनी 1997 साली अशा सॉल्व्हंटांच्या आकड्यांचा तक्ता एका पेपरात दिला आहे. तो छापून टेबलाच्या काचेखाली सरकव. गाइडांपेक्षा त्याचा उपयोग जास्त.

वाचायला क्लेडन, शोधायला मार्च. मार्च पहिल्या पानापासून वाचायला बसलेले मी पाहिलेत, ते फार पुढे गेले नाहीत. मेकॅनिझम पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर काढ. बाण इलेक्ट्रॉनांपासून निघतो. तो एच-प्लसपासून काढलास तर व्हायव्हात एक्स्टर्नल तिथेच धरतात.

नायट्रिक ॲसिड आणि ॲसिटोन एका वेस्ट बाटलीत कधीही नाही. ओढणी घरी, केस बांधलेले, कपडे सुती. नायलॉन पेटलं की वितळून कातडीला चिकटतं. डोळ्यांवर सेफ्टी चष्मा. सीनियर त्यावरून हसतील, हसू दे.

नेटचा फॉर्म शेवटच्या वर्षात असतानाच भरता येतो. केमिकल सायन्सेसच्या पेपरात भाग क मधल्या 60 प्रश्नांपैकी 25च सोडवायचे असतात. प्रत्येकी 4 गुण, चुकलं की 1 वजा. म्हणजे निम्म्याहून अधिक प्रश्न सोडून द्यायची मुभा आहे. तेव्हा ग्रुप थिअरीने झोप उडवून घेऊ नकोस. ऑरगॅनिक आणि स्पेक्ट्रोस्कोपी आधी पक्की कर, मग एखादा फिजिकलचा भाग धर. जुने पेपर मात्र घड्याळ लावूनच सोडव, तीन तास, मधे चहा नाही.

— आत्या