दुसरं ग्राफिक्स कार्ड घेताय? आधी पूर्ण खर्च मांडा

अलिबाग-मुरूड पट्ट्यात बंगल्यांचे थ्रीडी व्ह्यू करणारे, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे आणि गेम खेळणारे अशा सगळ्यांना एकच सल्ला मिळतो: "आहे ते कार्ड राहू द्या, शेजारी अजून एक टाकू." या सल्ल्यावर पैसे काढण्याआधी तुमचं सॉफ्टवेअर दोन कार्डं वापरतं का, एवढं पाहा.

गेमसाठी: घेऊ नका

दोन कार्डं जोडून गेम पळवायचे दिवस संपले. एनव्हिडियाने १ जानेवारी २०२१ पासून आरटीएक्स २० आणि त्याआधीच्या मालिकांसाठी एसएलआयची (दोन कार्डं जोडण्याच्या सोयीची) नवीन प्रोफाइल देणं थांबवलं. आरटीएक्स ३० मालिकेत जोडणीची सोय गेमिंग कार्डांपैकी फक्त ३०९० गटात होती. ४० मालिकेतून तीही गेली. एएमडीची तशीच सोय, क्रॉसफायर, तीही मागे पडली. आजच्या बहुतेक गेममध्ये दुसरं कार्ड नुसतं बसून राहील. जुनं कार्ड विका, पैसे घाला आणि एकच मोठं घ्या.

कामासाठी: सॉफ्टवेअर बघा

ब्लेंडरचं सायकल्स, व्ही-रे जीपीयू, ऑक्टेन आणि रेडशिफ्ट दोन्ही कार्डं वापरतात. सारखी कार्डं असतील तर फ्रेमचा वेळ जवळजवळ निम्म्यावर येतो. ल्युमियन आणि एन्स्केप एकच कार्ड वापरतात. तिथे दुसऱ्याचा उपयोग नाही. दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती विंडोजवर एकाच कार्डावर चालते. दुसऱ्यासाठी पैसे भरून स्टुडिओ आवृत्ती घ्यावी लागते, म्हणजे तोही खर्च धरा.

मेमरीची बेरीज होते, असं कुणी सांगितलं तर सावध व्हा. रेंडरिंगमध्ये १२ आणि १२ मिळून २४ जीबी होत नाहीत. अख्खा सीन साधारणपणे प्रत्येक कार्डात मावावा लागतो. घरच्या मशीनवर एआय मॉडेल चालवणाऱ्यांना मात्र मॉडेल दोन कार्डांत विभागता येतं. तिथे जागा वाढते, वेग दुप्पट होत नाही.

पैसे देण्याआधी चार गोष्टी तपासा

मदरबोर्ड: दुसरा लांब स्लॉट दिसतो म्हणून तो पूर्ण वेगाचा असेलच असं नाही. स्वस्त बोर्डांवर तो चार लेनचा, कधी एकाच लेनचा असतो. बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये पाहा.

जागा: आजची कार्डं दोन ते तीन स्लॉट जाड असतात. दोन्हींमध्ये हवा खेळायला फट राहते का, पट्टीने मोजा.

एसएमपीएस: आरटीएक्स ३०६० एकटं १७० वॉट घेतं, ३०९० तर ३५०. दोन ३०६० साठी चांगल्या कंपनीचा ८५० वॉटचा सप्लाय लागेल. दोन ३०९० साठी १२०० च्या खाली येऊ नका. एका केबलला फाटे फोडून दोन्ही कार्डं जोडू देऊ नका.

घरची वीज: दोन ३०९० च्या मशीनला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट आणि नीट अर्थिंग हवं. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून वायरिंग तपासून घ्या, महावितरणच्या बिलावरचा मंजूर भार बघा. नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम ३६० वॉट देतो. पावसाळ्यात वीज गेली की तो हे मशीन धरणार नाही.

खरा खर्च

भाव सतत हलतात, म्हणून हे आकडे अंदाजाचे. नवीन ३०६० (१२ जीबी) साधारण २५ हजार, ८५० वॉटचा एसएमपीएस ९ ते १२ हजार, हवेशीर कॅबिनेट आणि पंखे ६ ते ८ हजार, २ केव्हीए यूपीएस १५ ते २५ हजार, विजेचा पॉइंट हजार-दोन हजार. मदरबोर्ड बदलावा लागला तर आणखी २० ते ३० हजार. म्हणजे २५ हजारांचं कार्ड सहज ५५ हजारांवर जातं, बोर्डासकट ७५ हजारांच्या पुढे.

बिलही वाढेल. दुसऱ्या कार्डाचे १७० वॉट रोज ८ तास धरले तर महिन्याला सुमारे ४१ युनिट. सगळे आकार धरून युनिट १२ रुपयांना पडत असेल तर दरमहा जवळपास ५०० रुपये. एसीचा खर्च वेगळा.

कुठे घ्याल?

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड. रविवारी बहुतेक दुकानं बंद, म्हणून आठवड्यातला दुसरा दिवस काढा. मांडव्याहून गेटवेच्या लाँच पावसाळ्यात बंद असतात. तेव्हा भाऊच्या धक्क्याची रो-रो किंवा पेण-पनवेलचा रस्ता. निघण्याआधी दोन-तीन दुकानांतून भाव आणि माल हातात आहे का, ते फोनवर विचारा. जोडलेलं मशीन वडखळच्या रस्त्याने आणणार असाल तर कार्डं काढून त्यांच्या खोक्यांत ठेवा. खड्ड्यात जड कार्डाने स्लॉट मोडतो.

जुनं कार्ड स्वस्त मिळेल, पण सप्टेंबर २०२२ पर्यंत इथेरियमच्या मायनिंगमध्ये रात्रंदिवस चाललेली बरीच कार्डं बाजारात आली आहेत. समोर अर्धा तास पूर्ण लोडवर चालवून बघा. तापमान, पंख्याचा आवाज आणि पोर्टवरचा गंज तपासा.

बिल आणि वॉरंटी

पक्कं बिल घ्या. त्यावर कार्डाचा सीरियल नंबर हवाच. "बिलाशिवाय १८ टक्के वाचतील" हे ऐकू नका. कच्च्या चिठ्ठीवर वॉरंटीचा दावा अडतो. नियमित जीएसटी नोंदणी असेल तर बिलावर तुमचा क्रमांक घाला. २५ हजारांत सुमारे ३,८०० रुपये कर असतो, व्यवसायाच्या खरेदीवर त्याची वजावट मिळते. कंपोझिशन योजनेत मिळत नाही.

तीन प्रश्न विचारा: वॉरंटी भारतातली की बाहेरची? सर्व्हिस सेंटर कुठे? कुरिअरचा खर्च कोणाचा? बदलून मिळायला दोन-तीन आठवडे धरून चला. गंज आणि ओल यांमुळे झालेलं नुकसान बहुतेक वॉरंटीत बसत नाही. खाऱ्या हवेत मशीन समुद्राकडच्या खिडकीपासून लांब ठेवा, दर दोन महिन्यांनी धूळ काढा.

तक्रार करायची झाली तर

आधी दुकानदाराला लेखी कळवा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे न सुटल्यास अलिबागचा जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीवर शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. बिल, सीरियल नंबरचा फोटो, खोकं उघडतानाचा व्हिडिओ आणि मेसेज जपून ठेवा. निव्वळ व्यापारी कामासाठीची खरेदी ग्राहक कायद्यात बसत नाही. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेलं मशीन बसतं, तसं तक्रारीत स्पष्ट लिहा.

थोडक्यात, रोज तासन्‌तास ब्लेंडर किंवा व्ही-रे जीपीयूसारखं दोन्ही कार्डं वापरणारं सॉफ्टवेअर चालत असेल आणि बोर्ड बदलावा लागत नसेल, तरच दुसरं कार्ड घ्या. बाकी सगळ्यांनी एकच मोठं कार्ड घ्यावं. पैसे वाचतील आणि बिघाडही कमी होतील.